संगणकाचा पहिला पाठ आणि मराठी वाक्यरचना : कर्जत–खालापूर परिसराच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील समुद्रकिनारा नसलेले, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन तालुके. आधुनिक तंत्रज्ञानाचा प्रवेश या भूभागात फार लवकर झाला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटातून पुढे गेला. टाटांचे खोपोली येथील जलविद्युतगृह १९१५ मध्ये सुरू झाले, त्यापाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरीचे. तेथे निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. पुढे खोपोली आणि पाताळगंगा परिसरात कारखाने उभे राहिले. मात्र या सर्व यंत्रांचे ज्ञान ज्या भाषेत लिहिले गेले ती भाषा येथील लोकांची नव्हती. यंत्राजवळ काम करणारा माणूस स्थानिक आणि यंत्राची पुस्तिका वाचणारा बाहेरचा, ही विभागणी दीर्घकाळ टिकून राहिली.

संगणकाच्या शिक्षणात हीच विभागणी नव्या स्वरूपात पुढे येते. कर्जत व खोपोली येथे आज मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून कर्जतला आहे. म्हणजे शिक्षणाची सोय दाराशी आली आहे. परंतु या वर्गांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. ठाकर अथवा कातकरी वाडीतून येणाऱ्या मुलाची घरची बोली शाळेच्या प्रमाण मराठीहून वेगळी असते. अशा विद्यार्थ्याने बोलीतून प्रमाण भाषेत एक संक्रमण आधीच केलेले असते. पदवीच्या पहिल्या वर्षी त्याला आणखी दोन संक्रमणे एकाच वेळी करावी लागतात: मराठीतून इंग्रजीत आणि नैसर्गिक भाषेतून संगणकाच्या कृत्रिम भाषेत. यांपैकी कोणत्या पायरीवर तो अडखळला हे परीक्षेतील गुणांवरून कळत नाही. तो नापास झाला तर त्याचा ‘तर्क कच्चा’ ठरतो.

हा निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे. आज्ञावली लिहिण्याच्या पहिल्या पाठात मूलभूत संकल्पना मोजक्याच असतात: रीत, चल, अट, फेरा आणि उपरीत. या पाचही संकल्पनांना मराठी वाक्यरचनेत जवळची रूपे आहेत. ती विद्यार्थ्याला अवगत असतात, परंतु आपल्याला ती अवगत आहेत याची त्याला जाणीव नसते. ही जाणीव करून देणे हे व्याकरणाच्या अध्यापकाचे काम आहे. या अर्थाने संगणकाचा पहिला पाठ हा मराठी विभागाच्याही कक्षेतील विषय ठरतो.

२. रीत आणि आज्ञार्थ

‘अल्गोरिदम’ हा शब्द नवव्या शतकातील गणिती अल्-ख्वारिझ्मी याच्या नावावरून आला आहे. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही त्यासाठी नवा पारिभाषिक शब्द लागत नाही. गणिताची ‘रीत’ तो पहिल्यापासून लिहीत आलेला असतो. हातच्याची बेरीज, भागाकार, त्रैराशिक या साऱ्या रीतीच आहेत. रीतीची लक्षणे तीन: पायऱ्या मोजक्या असाव्यात, प्रत्येक पायरी निःसंदिग्ध असावी आणि केव्हातरी ती संपून उत्तर हाती यावे.

यांतील दुसरे लक्षण नवशिक्याला अवघड जाते, कारण माणसामाणसांतील भाषा बऱ्याच गोष्टी अध्याहृत ठेवते. ‘रोपे पुरेशी वाढली की लावणी करावी’ हे वाक्य कर्जतच्या भातशेतकऱ्याला पूर्ण वाटते. ‘पुरेशी’ म्हणजे किती दिवसांची, खाचरात पाणी किती असावे, एका चुडात किती रोपे घ्यावीत, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. संगणकाला यांतील काहीच ठाऊक नसते. अध्याहृत असलेले सर्व काही उघड करून सांगणे हीच आज्ञावली लिहिण्याची पहिली शिस्त होय. वाक्यातील अध्याहृत पदे ओळखण्याचा सराव व्याकरणाच्या तासाला होतच असतो. तोच सराव येथे कामी येतो.

त्याच वाक्यातील ‘करावी’ हे क्रियापद विध्यर्थी आहे. त्यात कर्तव्य आहे, सल्ला आहे, ऐकणाऱ्याच्या विवेकाला वाव आहे. मूलभूत आज्ञावलीला असा वाव देता येत नाही. तिची क्रियापदे आज्ञार्थी असतात: वाच, मिळव, तपास, छाप. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाच्या अर्थांची चर्चा केली आहे. ‘आज्ञावली’ हा मराठी शब्द त्या दृष्टीने ‘प्रोग्रॅम’ या शब्दापेक्षाही अधिक बोलका आहे. ती आज्ञार्थी वाक्यांची ओळ आहे, ही गोष्ट तो नावातच सांगतो.

३. चल : ‘असणे’ आणि ‘ठेवणे’

‘व्हेरिएबल’साठी गणिताच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘चल’ हा शब्द रूढ आहे. बोलण्यात ‘चल’ हे ‘चालणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूपही आहे, त्यामुळे वर्गात थोडी गंमत होते. खरा घोटाळा मात्र वेगळाच आहे. बीजगणितातील चल आणि आज्ञावलीतील चल यांचा स्वभाव सारखा नाही. बीजगणिताचे उदाहरण सोडवताना क्ष ही अज्ञात पण ठरलेली संख्या असते. उत्तर सापडेपर्यंत ती बदलत नाही, फक्त आपल्याला ठाऊक नसते. आज्ञावलीतील चल हे स्मृतीतील एका जागेचे नाव असते आणि त्या जागी ठेवलेले मूल्य काम चालू असताना बदलू शकते.

म्हणूनच ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ प्रथम पाहणारा गणिताचा चांगला विद्यार्थी थबकतो. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी कशी असेल? त्याची शंका योग्य आहे. दोष चिन्हाचा आहे. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान भाषेने मूल्य ठेवण्याच्या क्रियेसाठी बरोबरीचेच चिन्ह वापरले. आल्गोल ६० या भाषेने त्यासाठी अपूर्णविराम व बरोबरी असे जोडचिन्ह योजून हा घोटाळा टाळला. परंतु १९७० च्या दशकात प्रसार पावलेल्या सी भाषेने पुन्हा एकेरी बरोबरी स्वीकारली आणि समानता तपासण्यासाठी दुहेरी बरोबरी ठेवली. पुढच्या अनेक भाषांनी तोच प्रघात चालवला.

मराठीत हा भेद क्रियापदाने आणि विभक्तीने आपोआप व्यक्त होतो. ‘क्ष हा पाच आहे’ हे विधान आहे. ‘क्ष पाच आहे का?’ हा प्रश्न आहे. ‘क्षमध्ये पाच ठेव’ ही आज्ञा आहे. पहिल्या दोहोंत ‘असणे’ आहे, तिसऱ्यात ‘ठेवणे’. शिवाय तिसऱ्यातील ‘मध्ये’ हे अधिकरण दाखवते, म्हणजे क्ष ही जागा आहे हे वाक्यच सांगते. आता वादग्रस्त ओळ मराठीत वाचावी: ‘क्षमध्ये जे आहे त्यात एक मिळव आणि येणारे उत्तर क्षमध्येच ठेव.’ विरोधाभास उरत नाही. एका वाक्यात सुटणारी ही अडचण केवळ चिन्ह पाठ करायला लावल्याने पुढचे कित्येक पाठ अडवून ठेवू शकते.

४. अट : जर–तर आणि त्यातील धोके

मराठीची संबंधी वाक्यरचना जोडीने चालते: जर–तर, जेव्हा–तेव्हा, जो–तो, जितका–तितका. अटीचे वाक्य कोठे संपले आणि फलाचे कोठे सुरू झाले हे ‘तर’ स्पष्ट दाखवतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथाचा अभ्यास करणाऱ्याला संकेतार्थी वाक्याची ही बांधणी परिचित असते. संगणकातील अटीची बांधणी याहून फार वेगळी नाही.

बोरघाटातील रेल्वेचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. या घाटात लोहमार्गाचा उतार ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. घाट उतरणाऱ्या गाडीचा वेग हाताबाहेर जाऊ नये यासाठी मार्गात चढावाकडे वळणारे सुरक्षा-फाटे ठेवलेले असतात. सांधे एरव्ही या फाट्याकडे वळवलेले असतात. गाडी ठरलेल्या जागी थांबली, म्हणजे तिचे ब्रेक ताब्यात आहेत हे दिसून आले, की मगच तिला मुख्य मार्ग मोकळा होतो. रीतीच्या भाषेत: ‘जर गाडी थांबली तर मुख्य मार्ग दे, नाहीतर फाट्यावर जाऊ दे.’ अट पूर्ण न झाल्यास काय व्हावे, हे अपघात होण्यापूर्वीच ठरवून ठेवलेले आहे. अटीची ‘नाहीतर’ ही बाजू का विसरू नये, याचे याहून ठसठशीत उदाहरण कर्जतच्या विद्यार्थ्याला शोधावे लागणार नाही.

तथापि मराठीचे साहाय्य घेताना तिच्यातील संदिग्धताही ओळखली पाहिजे. ‘नाहीतर’ हा शब्द दोन कामे करतो. ‘अभ्यास कर, नाहीतर नापास होशील’ यात तो अट न पाळण्याचा परिणाम सांगतो. ‘चहा घे नाहीतर सरबत घे’ यात तो केवळ विकल्प देतो. आज्ञावलीत या दोन अर्थांना दोन स्वतंत्र रचना लागतात. ‘किंवा’ची गोष्टही अशीच. ‘चहा किंवा सरबत मिळेल’ असे ऐकणारा दोहोंपैकी एकच मिळेल असे समजतो. संगणकाचा ‘किंवा’ दोन्ही बाजू खऱ्या असल्या तरी खराच असतो. ‘की’ हे अव्यय मात्र ‘चहा की सरबत?’ अशा निवडीच्या प्रश्नात येते आणि तेथे दोहोंपैकी एकाचीच अपेक्षा असते.

सर्वांत फसवी असते ती नकाराची व्याप्ती. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: एकही आला नाही, किंवा काही आले पण सगळे आले नाहीत. बोलताना स्वराघाताने अर्थ ठरतो. लिहिताना संदर्भ मदतीला येतो. संगणकापाशी स्वराघातही नाही आणि संदर्भही नाही. तेथे ‘सगळे आले, हे खरे नाही’ आणि ‘प्रत्येकाबाबत तो आला नाही, हे खरे’ ही दोन वेगळी विधाने वेगळी लिहावी लागतात. एकोणिसाव्या शतकातील तर्कशास्त्रज्ञ डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखले जाणारे नियम नकार आणि जोडणी यांचा हाच संबंध सांगतात. वाक्यार्थाची अशी फोड करण्याचा सराव भाषेच्या वर्गात झाला तर पुढच्या वर्गातील काम निम्म्याने हलके होईल.

५. फेरा : ‘जोपर्यंत’ आणि ‘–ईपर्यंत’

तीच कृती पुन्हा पुन्हा करवून घेणे हे संगणकाचे खरे बळ. त्यासाठी मराठीत दोन रचना सहज उपलब्ध आहेत. ‘जोपर्यंत गाडी आलेली नाही, तोपर्यंत थांब’ ही पहिली, आणि ‘गाडी येईपर्यंत थांब’ ही दुसरी. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने दोहोंचा अर्थ एकच. रचना मात्र भिन्न आहे. पहिलीत नकार आहे आणि फेरा चालू राहण्याची अट सांगितली आहे. दुसरीत नकार नाही आणि फेरा संपण्याची अट सांगितली आहे.

निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये सिद्ध केलेल्या पास्कल भाषेत या दोहोंसाठी दोन निराळ्या रचना आहेत. पहिल्या प्रकारात कृतीच्या आधी अट तपासली जाते. गाडी आधीच आलेली असेल तर थांबण्याची कृती एकदाही घडत नाही. दुसऱ्या प्रकारात कृती आधी घडते आणि अट मागाहून तपासली जाते, त्यामुळे ती निदान एकदा तरी घडतेच. नवशिक्याच्या आज्ञावलीत एका फेऱ्याची चूक वारंवार होते, तिचे एक मूळ येथे आहे. फेरा केव्हा तपासला जातो हा प्रश्न विचारण्याची सवय लागली की ही चूक त्याची त्यालाच सापडते.

फेरा कधी संपणारच नाही, अशी चूकही होते. ‘गाडी येईपर्यंत थांब’ हे ठीक. पण ज्या स्थानकावर ती गाडी जातच नाही तेथे उभे राहिल्यास अट कधी पुरी होणार नाही. अटीतील काहीतरी प्रत्येक फेऱ्यात बदलत गेले पाहिजे, हा नियम त्यातून निघतो.

६. उपरीत आणि ऊनान्त रूपे

अनेक कृतींच्या समूहाला एक नाव देऊन पुढे त्या नावानेच काम भागवणे म्हणजे उपरीत, अर्थात ‘फंक्शन’. गणितात यासाठी ‘फल’ हा शब्द आहे. रोजच्या भाषेत असे समूह पुष्कळ सापडतात. ‘लावणी’ या एका शब्दात रोपे उपटणे, मुठी बांधणे, चिखलणी आणि रोपे लावणे हा सारा क्रम सामावलेला असतो. शब्द उच्चारताना तो क्रम पुन्हा सांगावा लागत नाही.

उपरीतींची गुंफण मात्र मराठी विद्यार्थ्याला उलटी वाटते, आणि त्याला कारण आहे. प्रचलित संगणकभाषांत क्रिया आधी येते आणि कर्म मागाहून कंसात येते: ‘छाप (वर्गमूळ (बेरीज (५, ३)))’. येथे सर्वांत शेवटी घडणारी क्रिया सर्वांत आधी लिहिली आहे. इंग्रजी आज्ञार्थी वाक्यातही क्रियापद आरंभी असते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आधीच्या क्रिया ऊनान्त धातुसाधितांनी ओवल्या जातात: ‘पाचात तीन मिळवून, आलेल्या बेरजेचे वर्गमूळ काढून ते छाप.’ घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम येथे एकच आहे. कंसांची रचना आतून बाहेर वाचावी, म्हणजे तिचे मराठी वाक्य होते, एवढे सूत्र दिले तरी गुंता उकलतो. पोलिश तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच यांच्या पद्धतीला उलटवून तयार झालेले, क्रिया शेवटी लिहिणारे संकेतन संगणकशास्त्रात प्रतिष्ठित आहे. मराठी माणूस हिशेब सांगताना त्याच क्रमाने बोलतो.

७. वृत्त, मात्रा आणि प्रत्यावर्तन

मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला या विषयाचे दार छंदःशास्त्राकडून अधिक सहज उघडते. लघू आणि गुरू या दोनच चिन्हांवर अक्षरगणवृत्तांची सारी मांडणी उभी आहे. तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक जागी दोन पर्याय. म्हणून गणांची संख्या २ × २ × २ म्हणजे आठ. य, म, त, र, ज, भ, न, स हे ते आठ. संगणकातील शून्य व एक या दोन चिन्हांच्या तीन जागांतूनही नेमक्या आठच रचना होतात. ‘कर्जत’ या शब्दात जोडाक्षरापूर्वीचा ‘क’ गुरू आणि पुढील दोन अक्षरे लघू, म्हणून तो भगण. ‘खोपोली’त तिन्ही गुरू, म्हणून मगण. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरे असतात. तेवढ्या जागांत लघुगुरूंच्या एकूण ५,२४,२८८ मांडण्या संभवतात, आणि परंपरेने त्यांतील एक या नावाने निश्चित केली. सर्व संभाव्य मांडण्या क्रमाने लिहून काढण्याच्या ‘प्रस्तार’ या पद्धतीचे मूळ पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. ती एक शुद्ध रीत आहे.

मात्रावृत्तांकडे वळल्यास ‘प्रत्यावर्तन’ ही अवघड मानली जाणारी संकल्पना हाती लागते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांच्या मांडण्या किती? शेवटचे अक्षर लघू असेल तर त्याआधी तीन मात्रा उरतात. ते गुरू असेल तर दोन. म्हणून चार मात्रांची संख्या म्हणजे तीन मात्रांची अधिक दोन मात्रांची: ३ + २ = ५. त्याच नियमाने पुढे ८, १३, २१, ३४ असा क्रम मिळतो आणि १६ मात्रांसाठी १५९७ मांडण्या येतात. प्रश्नाचे उत्तर त्याच प्रकारच्या लहान प्रश्नांच्या उत्तरांतून मिळवणे म्हणजे प्रत्यावर्तन. बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांच्या संदर्भात हा क्रम सांगितला. युरोपात तो फिबोनाची याच्या १२०२ मधील ग्रंथामुळे प्रसिद्धीस आला.

माधवराव पटवर्धन यांची ‘छंदोरचना’ (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) हाताशी असलेल्या विद्यार्थ्याला याहून पुढचा अभ्यासही देता येईल: दिलेल्या ओळीतील लघुगुरू ओळखणारी रीत लिहिणे. दीर्घ स्वर असेल तर गुरू, अनुस्वार असेल तर गुरू, पुढे जोडाक्षर असेल तर गुरू, नाहीतर लघू. येथवर सोपे. मग अपवाद समोर येतात. ‘तुम्ही’ या शब्दात पुढे जोडाक्षर असूनही ‘तु’वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. नियम, त्याचा अपवाद आणि दोहोंचा क्रम ठरवताना विद्यार्थ्याला अटींची मांडणी शिकता येते आणि मराठी उच्चाराचे बारकावेही नव्याने दिसतात.

८. अक्षर म्हणजे काय?

संगणक अक्षर कसे मोजतो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला थेट भिडणारा आहे. ‘कर्जत’ शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. युनिकोडच्या हिशेबात तेथे पाच संकेत आहेत: क, र, हलन्तचिन्ह, ज, त. ‘खालापूर’ची अक्षरे चार, संकेत सात. पायथॉन भाषेत शब्दाची लांबी विचारल्यास उत्तर संकेतांचे मिळते. ओवीची वा अभंगाची अक्षरे मोजणारी आज्ञावली लिहिणाऱ्याने हा भेद ध्यानात घेतला नाही तर त्याची सर्व गणना चुकेल.

यामागे इतिहास आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतावली १९८८ मध्ये आणि सुधारित रूपात १९९१ मध्ये निश्चित झाली. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारे केली. तथापि त्या काळातील अक्षरजुळणीत संस्थेगणिक वेगळे टंक चालत. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात निरर्थक चिन्हांचा ढीग होई. युनिकोडच्या प्रसाराने हा अडथळा बराच दूर झाला, पण पूर्णपणे नाही. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतील मराठीचा वैशिष्ट्यपूर्ण अर्धा र दोन प्रकारे नोंदवता येतो: नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्तचिन्ह जोडून, अथवा साध्या ‘र’ला हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात. शब्दसूचीत शोध घेताना एक रूप सापडते आणि दुसरे निसटते. कोश, सूची अथवा पाठचिकित्सा यांचे काम संगणकावर करणाऱ्या मराठीच्या अभ्यासकाला ही गोष्ट ठाऊक असणे आता आवश्यक झाले आहे.

९. मर्यादा आणि उत्तरदायित्व

वरील विवेचनातून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जाऊ नयेत. पिंगल किंवा हेमचंद्र यांच्या ग्रंथांत रीती आहेत. म्हणून प्राचीन काळी संगणक होता असे ठरत नाही. तसेच पारिभाषिक शब्दांचे मराठीकरण केले की विषय सोपा होतो, असेही नाही. संगणकभाषांचे राखीव शब्द इंग्रजीतच आहेत आणि ते तसेच शिकावे लागतात. त्यांची संख्या थोडी असते. एवढे शब्द कोणताही विद्यार्थी लक्षात ठेवतो. २००८ मध्ये आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे ‘भाडे’, ‘गुण’, ‘एकूण’ अशी नावे आज्ञावलीत चालतात. मात्र वर उल्लेखिलेले अदृश्य जोडचिन्ह नावात आले तर ती भाषा ते नाव नाकारते. देवनागरी अंकांत टंकलेली संख्या वाचून तिचे मूल्य ती काढू शकते, पण आज्ञावलीच्या मजकुरात ५ हा अंक थेट लिहिलेला तिला चालत नाही. व्यवसायात पुढे इंग्रजी लागणारच आहे. प्रश्न एवढाच की विचार कोणत्या भाषेत पक्का व्हावा.

या प्रश्नाला पूर्वपीठिकाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत गणिताची मराठी पाठ्यपुस्तके तयार झाली. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धि’ या नावाने कलनशास्त्र मराठीत आणले. याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. ग्रहांची स्थाने गणिताने काढण्याचे ते मराठी साधन होते. उच्च गणन मराठीत मांडण्याचा प्रयत्न असा जुना आहे. त्याची परंपरा मात्र अखंड राहिली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास वाट मोकळी केली आणि पिंपरी चिंचवड येथे संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडी सुरू झाली. कर्जत–खालापूरसारख्या भागात सर्व अभ्यासक्रम मराठीत येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या सत्राच्या आरंभीचे काही तास संगणकाच्या आणि मराठीच्या अध्यापकांनी मिळून घ्यावेत, रीत प्रथम मराठी वाक्यांत लिहून घ्यावी, तिच्यातील संदिग्धता वर्गातच शोधावी आणि त्यानंतर ती संगणकभाषेत उतरवावी, एवढे तर कोणतेही महाविद्यालय आपल्या अधिकारात करू शकते.

त्यातून एक गोष्ट निश्चित साध्य होईल. ज्याला रीत मराठीत नीट सांगता येते पण इंग्रजी सूचना कळत नाही, तो विद्यार्थी, आणि ज्याला रीतच सुचलेली नाही, तो विद्यार्थी, हे दोघे अध्यापकाला वेगवेगळे ओळखता येतील. पहिल्याला भाषेची मदत हवी असते, दुसऱ्याला विचाराची. आज दोघांच्या उत्तरपत्रिकेवर एकच शेरा पडतो. वाडीवरून डोंगर उतरून, खोपोलीची गाडी पकडून वर्गात येणाऱ्या मुलाला त्या शेऱ्याची किंमत फार मोठी मोजावी लागते, कारण पहिल्या वर्षी मागे राहिलेला विषय त्याच्या घरी समजावून सांगणारे बहुधा कोणी नसते. ‘जर’ आणि ‘तर’ तो लहानपणापासून अचूक वापरत आला आहे. त्याच्या या ज्ञानाची नोंद घेणे, हे मराठीच्या अध्यापकाचे त्याच्याप्रती असलेले कर्तव्य होय.